चांदीच्या पेठेत पायी

टोकियोत येऊन मला चार दिवस झाले होते. देवळं झाली, बागा झाल्या, संग्रहालयं झाली. पाहुण्याला दाखवण्याजोगं बहुतेक दाखवून संपलं, तेव्हा रविवारी सकाळी चहा पिता पिता भाची म्हणाली, ''मामा, आज गिनबुरा करू या. तू बँकेत होतास ना? तुला आवडेल.''

हा 'गिनबुरा' काय प्रकार आहे ते मला ठाऊक नव्हतं. खाण्याचा पदार्थ असावा, असं आधी वाटलं. तिनं फोड करून सांगितली. गिन्झामधला 'गिन', आणि 'बुराबुरा' म्हणजे काही काम नसताना रमतगमत चालणं, त्यातला 'बुरा'. गिन्झात उगाच हिंडणं म्हणजे गिनबुरा. हा शब्द शंभरेक वर्षांपूर्वी, ताइशो राजवटीत, टोकियोच्या तरुण मंडळींच्या तोंडी आला. त्याची आणखी एक उपपत्ती सांगतात. गिन्झात ब्राझीलची कॉफी प्यायला जाणं म्हणजे गिनबुरा! भाषेचे जाणकार ही उपपत्ती मानत नाहीत, कॉफीवाले अर्थातच मानतात.

एका पेठेत निरुद्देश चालण्यासाठी एका भाषेनं वेगळा शब्द घडवावा, याची मला मौज वाटली. आपण लक्ष्मी रोडला जातो ते खण, साडी, पातेली घ्यायला. काही घ्यायचं नसताना 'जरा लक्ष्मी रोडवर चालून येतो' असं घरात सांगितलं, तर बायको कपाळाला हात लावून ताप पाहील.

भाचीचं घर शहराच्या पूर्वेला, निशिकासाईला आहे. संगणकाच्या नोकऱ्यांपायी आलेल्या भारतीयांची ही मोठी वस्ती. तिथून तोझाई लाइननं निहोनबाशीला आलो आणि गिन्झा लाइन पकडली. आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे. १९२७ साली तिचा पहिला तुकडा सुरू झाला आणि १९३४ साली ती गिन्झापर्यंत पोचली. आम्ही मुद्दाम एक स्टेशन आधी, क्योबाशीला उतरलो. गिन्झाचा मुख्य रस्ता तिथून शिंबाशीच्या दिशेनं सरळ जातो. एक ते आठ असे त्याचे 'चोमे', म्हणजे आपल्या भाषेत विभाग. सगळा मिळून साधारण एक किलोमीटर. एवढ्याशा अंतरावर एक शहर आपली छाती काढून उभं राहतं.

दुसऱ्या विभागात फुटपाथच्या कडेला एक दगड आहे. लोक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण मागच्या काचेत हिरे असतात. मी मात्र तिथंच थबकलो. या जागी १६१२ साली तोकुगावा शोगुनांची चांदीची टांकसाळ आली, अशी ती नोंद. 'गिन' म्हणजे चांदी आणि 'झा' म्हणजे बैठक, पेढी. पेठेचं सरकारी नाव वेगळंच होतं आणि त्याचा अर्थ 'नवी सराफपेठ' असा होता. लोक मात्र तिला चांदीची पेढीच म्हणत राहिले, आणि अखेर १८६९ साली सरकारनं तेच नाव अधिकृत केलं. तोवर टांकसाळ जाऊन ६९ वर्षं झाली होती! १८०० साली तिथल्या कारभाऱ्यांचा गैरव्यवहार उघडकीला आला, मंडळींना शिक्षा झाल्या आणि टांकसाळ दुसरीकडे हलवली गेली. सदतीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला हा इतिहास परका कसा वाटावा?

चांदी गेली. मग इथं माणसं चालायला का येऊ लागली? त्याचं कारण एका आगीत आहे. १८७२ साली ही पेठ जळून खाक झाली. लाकडी घरांचं हे शहर पुन्हा पुन्हा जळत असे. मेइजी सरकारनं ठरवलं की आता विटेचं शहर उभारायचं. थॉमस वॉटर्स नावाच्या आयरिश अभियंत्याच्या हाती काम दिलं. रस्ता सत्तावीस मीटर रुंद केला, दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट राखली, झाडं लावली आणि १८७४ साली गॅसचे दिवे आणले. त्याच १८७२ साली योकोहामाहून शेजारच्या शिंबाशीपर्यंत जपानची पहिली रेल्वे धावू लागली होती. परदेशी माणूस गाडीतून उतरला की त्याला पहिल्यांदा हे विलायती दर्शन घडावं, असा हिशेब.

लोकांना मात्र ती विटेची घरं पसंत पडली नाहीत. दमट, गळकी आणि वर महाग. कित्येक बराच काळ रिकामी पडून राहिली. पण फुटपाथ चालू लागला. तोवर जपानी दुकान म्हणजे चपला उतरवून आत जायचं, बैठकीवर बसायचं, आणि नोकर आतून एकेक वस्तू आणून पुढ्यात मांडणार. म्हणजे दुकानात पाय ठेवायचा तर काहीतरी घ्यायचं ठरवूनच. गिन्झात वस्तू काचेत आल्या. रस्त्यावरून चालता चालता, एक पैसाही खर्च न करता त्या पाहता येऊ लागल्या. पुढं १९२३ सालच्या १ सप्टेंबरला मोठा भूकंप झाला आणि विटेची पेठही गेली. नंतर जी दुकानं उभी राहिली त्यांनी आणखी एक पायरी ओलांडली. १९२४ साली इथं आलेल्या मात्सुझाकाया या भव्य दुकानानं गिऱ्हाइकाला पायातले जोडे न काढता आत यायची मुभा दिली. ही क्रांती रक्त न सांडता झाली, एवढंच.

भूकंपात पडलेल्या विटांचं काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. शहराच्या दक्षिणेकडच्या तोगोशी भागातल्या दुकानदारांना चिखलाचा फार त्रास होता. त्यांनी त्या विटा नेऊन आपला रस्ता बांधला आणि कृतज्ञतेनं आपल्या बाजाराला नाव दिलं तोगोशी-गिन्झा. त्यानंतर गावोगावच्या बाजारांनी आपल्या नावामागं गिन्झा लावून घेतलं. जपानात आज अशा गिन्झा शेकड्यांनी आहेत.

चौथ्या विभागाच्या चौकात आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. शनिवार-रविवारी दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत हा रस्ता वाहनांना बंद असतो. १९७० सालच्या ऑगस्टपासून ही पद्धत आहे, आणि तिला त्यांनी नाव दिलंय 'पादचाऱ्यांचा स्वर्ग'. सत्तावीस मीटर रुंदीच्या रस्त्याच्या ऐन मध्यावर खुर्च्या आणि छत्र्या मांडल्या होत्या. म्हातारी जोडपी बसली होती, मुलं पळत होती, चिनी आणि कोरियन पाहुणे फोटो काढत होते. मी रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या पट्ट्यावर उभा राहिलो. आयुष्यभर हॉर्न ऐकलेल्या माणसाच्या पायांना हे चटकन पटत नाही. मी दोनदा मागं वळून पाहिलं. भाची हसली, ''मामा, मागून कोणी येत नाहीये.''

समोर घड्याळाच्या मनोऱ्याची ती प्रसिद्ध इमारत होती. १९३२ सालची. वाको म्हणून ती ओळखली जाते, आणि २०२२ पासून तिचं नाव सेइको हाउस आहे. युद्धातल्या बॉम्बवर्षावातून ती वाचली. मग १९५२ पर्यंत तिथं अमेरिकन सैनिकांचं दुकान होतं, आणि गिन्झाच्या नाकावर जपान्यालाच मज्जाव होता. हिचा मूळ धनी किंतारो हात्तोरी. त्यानं १८८१ साली जवळच छोटं दुकान काढलं, तेव्हा त्याचा धंदा होता जुनी घड्याळं दुरुस्त करून विकण्याचा. सेइको या नावाची सुरुवात एका घड्याळजीच्या मेजावर झाली.

घड्याळजी हा शब्द मनात आला आणि मी जरा गप्प झालो. त्याचं कारण पुढं सांगतो.

चौकाजवळच किमुराया ही बेकरी आहे. १८६९ साली एका बेकार झालेल्या सामुराईनं ती काढली. पाव हा विलायती पदार्थ जपान्यांना रुचेना. तेव्हा त्यानं १८७४ साली साकेच्या आंबोणानं फुगवलेल्या पावात आपल्या पुरणासारखं गोड कडधान्य भरलं. त्याचं नाव 'आन्पान'. दुसऱ्या वर्षी तो खुद्द मेइजी सम्राटापुढं गेला. त्या खास पावाच्या मधोमध खारवलेलं चेरीचं फूल खोचलेलं असतं. आम्ही चार घेतले आणि रस्त्याच्या मध्यावरच्या खुर्चीत बसून खाल्ले. पुरणपोळीच्या घरातल्या माणसाला तो पहिल्या घासालाच आपला वाटतो.

आता हिशेबाची गोष्ट. या चौकापासून काही पावलांवर क्यूक्योदो हे कागद, उदबत्त्या आणि लेखणसाहित्याचं दुकान आहे. मूळचं क्योतोचं, १६६३ सालचं. त्याच्या समोरची जमीन ही सरकारी दरपत्रकानुसार जपानमधली सर्वांत महाग जमीन. आपल्या रेडी रेकनरसारखे हे दर तिथलं करखातं दरवर्षी जुलैत वारसाकरासाठी जाहीर करतं. २०२५ सालचा दर होता एका चौरस मीटरला ४ कोटी ८० लाख ८० हजार येन. म्हणजे चौरस फुटाला पंचवीस लाख रुपयांच्या आसपास. वाचकांनी ही पुरवणी पूर्ण उघडून जमिनीवर पसरावी. तिच्याखाली झाकली जाईल एवढी गिन्झाची जमीन साधारण एक कोटी रुपयांची.

आणि त्या जमिनीवर काय विकतात? टाक, कागद, उदबत्ती!

या आकड्यानं एकदा जपानला वेड लावलं होतं. १९८७ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर अडीच टक्क्यांवर आला आणि पैसा स्वस्त झाला. जमिनीची किंमत कधी उतरत नाही, या श्रद्धेवर बँकांनी जमीन तारण ठेवून कर्जं दिली, त्या कर्जांतून आणखी जमिनी घेतल्या गेल्या, आणि त्या पुन्हा तारण. १९८९ च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर होता. १९९० च्या ऑगस्टपर्यंत व्याजदर सहा टक्के झाला आणि फुगा फुटला. क्यूक्योदोसमोरचा दर १९९२ साली ३ कोटी ६५ लाख येनांवर होता, तो पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून कितीतरी खाली आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकू ही मोठी बँक आणि यामाइची ही दलाली पेढी, दोन्ही एकाच महिन्यात कोसळल्या. निक्केईला जुनी उंची पुन्हा गाठायला २०२४ साल उजाडावं लागलं.

आम्ही बँकवाले त्या काळात प्रशिक्षणवर्गात जपानची ही गोष्ट ऐकायचो. दुसऱ्याच्या घरची आग बघावी तशी. तारणाचं मूल्य नीट काढा, एवढा बोध घेऊन परतायचो.

आता घड्याळजी. १९९४ साली मी मुंबईच्या एका उपनगरात कर्जविभागात होतो. स्टेशनजवळच्या एका दुमजली इमारतीवर कर्ज मागणारा प्रस्ताव आला. मी पाहणीला गेलो. तळमजल्यावर आठ दुकानं होती. एक शिंपी, एक पिठाची गिरणी, एक वाचनालय, आणि जिन्याखालच्या फळकुटात डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी. दुकानांपुढं ओटा होता आणि ओट्यावर माणसं. कोणी पुस्तक बदलायला आलेलं, कोणी दळणाची वाट पाहत बसलेलं. घड्याळजीनं मला बसायला स्टूल दिलं, माझं घड्याळ मागून घेतलं आणि पट्ट्याची पिन बदलून दिली. पैसे घेतले नाहीत. मी शाखेत परतून अहवाल लिहिला. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'तळमजल्यावरील भोगवटादार हा मालमत्तेवरील बोजा असून, तो दूर झाल्यास मूल्य अडीचपट होईल.'

आकडा बिनचूक होता. कर्ज मंजूर झालं आणि मुदतीआधी फिटलं. वरिष्ठांनी फाइलीवर चांगला शेरा दिला. आज तिथं बारा मजले आहेत. तळाशी मोटारी उभ्या असतात, बाहेर उंच भिंत आहे आणि फाटकावर पहारेकरी. दिवेलागणीनंतर त्या भिंतीच्या बाजूनं कोणी चालत नाही, समोरच्या फुटपाथनं जातात. मीही समोरूनच जातो.

हे मी भाचीला त्या खुर्चीत बसून सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''मग हे लोक काय करतात ते ऐक.''

गिन्झातही हाच मोह होता, आणि तोही चौरस मीटरला कोटींचा. वर मरणानंतरचा कर. जपानात वारसाकर ५५ टक्क्यांपर्यंत जातो. ज्या दुकानदारानं जमीन विकायचा विचारही केलेला नाही, त्याच्या मुलाला जमिनीच्या भावानं कर भरावा लागतो. म्हणजे वाढती किंमत ही न विकणाऱ्याला शिक्षाच. अशा जागी साठ मजली मनोरे का उभे राहिले नाहीत?

त्याचं उत्तर ५६ या आकड्यात आहे. १९९८ साली इथल्या व्यापाऱ्यांनी पालिकेबरोबर बसून ठरवलं की जुन्या इमारती पाडून मोठ्या बांधायला मुभा असावी, पण उंची ५६ मीटरच्या वर जाऊ नये. पुढं २००२ साली देशभर उंच बांधकामांचे नियम सैल झाले. मात्सुझाकायाच्या जागी उत्तुंग मनोरा उभारण्याची योजना पुढं आली. पेठेत वाद झाला. मनोरा झाला असता तर शेजाऱ्यांच्या जमिनीचाही भाव वाढला असता. तरी पेठेनं बहुमोल नकार दिला. २००६ साली ५६ मीटरची मर्यादा पक्की झाली, वर फक्त शोभेच्या भागाला दहा मीटर. त्याच वर्षी नव्या इमारतीचं रूप आणि पाट्या यांवर आधी पेठेशी चर्चा करण्याची मंडळीही स्थापन झाली. मात्सुझाकायाच्या जागेवर २०१७ साली गिन्झा सिक्स उभं राहिलं ते तेरा मजल्यांचं, ५६ मीटर उंचीचं. त्याच्या तळघरात नो नाटकाचं नाट्यगृह आहे.

म्हणजे सगळं सोवळं राहिलं असं नाही. काबुकी-झा हे १८८९ पासूनचं नाट्यगृह २०१३ साली नव्यानं बांधलं, तेव्हा त्याच्या पाठीशी १४५ मीटरचा कचेऱ्यांचा मनोरा आला. शोवा-दोरी या रस्त्यापलीकडे सांस्कृतिक कारणासाठी नियमात सूट ठेवली होती. बालगंधर्वांच्या प्रांतातल्या माणसाला, पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा अजून चालवणारं नाट्यगृह कशाच्या का आधारानं होईना, उभं आहे हे बरंच वाटतं. उलट आठव्या विभागातला नाकागिन मनोरा गेला. १९७२ साली किशो कुरोकावा यांनी १४० सुट्या खोल्या खोक्यांसारख्या जोडून तो उभारला होता. जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी हळहळ केली, पण २०२२ साली तो उतरवला. मुख्य रस्त्यावर तर आता परदेशी नावंच अधिक. शंभर वर्षांचं दुकान बंद होऊन तिथं जगात सगळीकडे मिळणारी हातपिशवी येते, हे इथंही घडतं. पेठेनं वाचवलं ते एवढंच : रस्त्यावर ऊन पडतं, आणि इमारतीचा तळ चालणाऱ्यासाठी उघडा आहे.

मग आम्ही मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांत शिरलो. खरा गिनबुरा तिथं सुरू होतो. पहिल्या विभागात ओकुनो बिल्डिंग आहे, घड्याळाच्या मनोऱ्याच्याच वयाची, १९३२ सालची. तेव्हा ती श्रीमंतांची निवासी इमारत होती. आता तिच्या खोल्याखोल्यांत चित्रांची छोटी दालनं आहेत. लिफ्टची दोन दारं आपल्या हातानं ओढून लावायची. फोर्टातल्या जुन्या इमारतीत चढल्यासारखं वाटलं. तिसऱ्या मजल्यावरची ३०६ नंबरची खोली पूर्वी केशभूषेचं दुकान होती. काही हौशी मंडळींनी ती झिजलेल्या भिंतींसकट तशीच राखली आहे. कशासाठी, असं मी विचारलं. भाचीनं उलट विचारलं, ''तुझ्या अहवालात हिची काय किंमत लिहिली असतीस?''

सातव्या विभागात दोन इमारतींच्या फटीत, अंग चोरून जावं लागेल अशा बोळात, तोयोइवा इनारी नावाचं भिंतीत बसवलेलं चिमुकलं देऊळ आहे. चौरस मीटरला कोटीच्या भावात कोल्ह्याच्या मूर्ती निवांत बसल्यात. एक मुलगी बोळात आली, टाळी वाजवून नमस्कार केला आणि घाईनं निघून गेली. तिसऱ्या विभागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर तर २००६ पासून मधमाश्या पाळल्या आहेत. त्या राजवाड्याच्या बागेपर्यंत जाऊन येतात आणि त्यांचा मध इथल्याच मिठाईत पडतो.

जेवायला आम्ही काबुकी-झाच्या बाजूला नायर रेस्टॉरंटमध्ये गेलो. १९४९ साली ए. एम. नायर यांनी ते सुरू केलं. तिरुवनंतपुरमचा हा माणूस १९२८ साली क्योतोला अभियांत्रिकी शिकायला आला आणि रासबिहारी बोस यांच्याबरोबर स्वातंत्र्याच्या चळवळीत पडला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यानं गिन्झात कोंबडीचा रस्सा आणि पिवळा भात वाढायला घेतला. बसकी, साधी जागा. शेजारच्या टेबलावरचे जपानी आजोबा सगळं नीट कालवून खात होते. नेहमीचे असावेत.

परत चौकात आलो तेव्हा पाचाला थोडा अवकाश होता. थंडीच्या दिवसांत रस्ता पाचला वाहनांना खुला होतो. खुर्च्या उचलल्या जात होत्या, छत्र्या मिटत होत्या. पोलिसांनी माणसांना हळूहळू फुटपाथवर घेतलं. कोणी हुज्जत घातली नाही. मनोऱ्याच्या घड्याळात पाचाचे ठोके पडले आणि पहिली टॅक्सी आम्ही बसलो होतो त्या जागेवरून गेली.

''त्या घड्याळजीचं पुढं काय झालं रे मामा?'' भाचीनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. अहवालात त्याचं नाव मी लिहिलं नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा मात्र नंतर दोनदा बदलला, पिन अजून तीच आहे.